नांदायचं की तुरुंगात जायचं?

गेल्या महिन्यात आतेबहिणीचा फोन आला. रात्री साडेअकराला. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. ताई अशा वेळी फोन करते म्हणजे काहीतरी बिनसलंय हे नक्की. प्रोडक्शन सर्व्हर पडल्यावर फोन वाजतो ना, तसाच पोटात गोळा आला.

"अरे, मला नोटीस आलीये. कलम नऊ. म्हणजे काय असतं, जरा नेटवर बघून सांगतोस?"

ताई दीड वर्षापासून माहेरी आहे. का, ते इथे लिहिणार नाही. ती तिची गोष्ट आहे. कलम नऊ म्हणजे हिंदू विवाह कायद्यातलं 'दाम्पत्य हक्कांची पुनर्स्थापना'. आपल्या भाषेत सांगायचं तर नांदायला यावं म्हणून लावलेला दावा.

त्या रविवारी आत्याकडे सगळे जमलो. काकांनी सुरुवात केली. "त्यात एवढं काय? बाईने नवऱ्याकडे नांदावं हा आपला धर्मच आहे. आता कोर्टसुद्धा तेच म्हणतंय." धाकटी चुलत बहीण लॉ करतेय, ती उसळली. "काका, हा सगळा मनुस्मृतीचा वारसा आहे, जाळून टाकायला हवा." मग काय, पाऊण तास जुंपली. संस्कृती, पाश्चात्त्य विचार, स्त्रीमुक्ती, कुटुंबव्यवस्था, सगळे नेहमीचे शब्द येऊन गेले. ताई एका कोपऱ्यात बसून मटार सोलत होती. तिला कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

घरी आलो तरी डोक्यातून ते जाईना. आम्हा प्रोग्रामर लोकांना एक सवय असते. कोडमधली एखादी विचित्र ओळ दिसली की आधी 'गिट ब्लेम' मारायचं, म्हणजे ही ओळ कोणी, कधी आणि कशासाठी लिहिली ते बघायचं. बऱ्याचदा असं निघतं की ज्याच्या नावाने आपण खडे फोडत होतो तो बिचारा त्या गावचाच नव्हता. म्हटलं, कलम नऊला पण तेच करून बघू. काका म्हणतात धर्माने लिहिली, बहीण म्हणते मनूने लिहिली. बघू तरी.

आणि ती ओळ थेट रखमाबाईंपर्यंत घेऊन गेली.

रखमाबाईंचं नाव मी पहिल्यांदा २२ नोव्हेंबर २०१७ ला वाचलं, गूगलच्या डूडलवर. 'पहिल्या काही भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक' एवढं वाचून पुढच्या टॅबवर गेलो होतो. लाज वाटते आता. कारण ज्या मुंबईत मी लोकलने धक्के खात पहिली नोकरी केली, त्याच मुंबईत या बाईने एकटीने जो प्रकार केला त्याला तोड नाही.

थोडक्यात सांगतो. जन्म १८६४. लहानपणीच वडील गेले, आई जयंतीबाई तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची. जात सुतार, त्यामुळे विधवेचं दुसरं लग्न होऊ शकत होतं. काही वर्षांनी आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. हे सखाराम अर्जुन म्हणजे मोठं प्रस्थ. डॉक्टर, वनस्पतिशास्त्रज्ञ, १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांमधल्या दोन भारतीयांपैकी एक. विचाराने सुधारक. आणि तरीही रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं, त्यांच्याच नात्यातल्या दादाजी भिकाजीशी. दादाजी एकोणीस वर्षांचा. ठरलं असं होतं की त्याने घरी राहून शिकायचं, कर्तबगार व्हायचं. दादाजी शिकला नाही, आजारी पडला आणि मामाकडे जाऊन राहिला. रखमाबाई मात्र सावत्र वडिलांच्या घरी राहून मिशनच्या वाचनालयातली पुस्तकं वाचत बसल्या. दोघं एकत्र कधी राहिलीच नाहीत.

१८८४ मध्ये दादाजीने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला : माझी बायको मला द्या. रखमाबाई तेव्हा एकोणीस-वीस वर्षांच्या. त्यांचं उत्तर साधं होतं. हे लग्न माझ्या अजाणत्या वयात झालं, त्याला माझी संमती नव्हती, मी जाणार नाही.

दावा चालू असतानाच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले. म्हणजे ज्याच्या जिवावर लढायचं तो माणूसच गेला. त्याच वर्षी 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'अ हिंदू लेडी' या सहीने दोन पत्रं छापून आली, एक बालविवाहावर आणि दुसरं विधवांवर. बालवधूच्या आयुष्याचं शिक्षण, तब्येत, मन सगळं कसं मातीमोल होतं हे त्यात लिहिलं होतं. लिहिणारी रखमाबाईच होती हे नंतर उघड झालं.

दुसरं पत्र छापून आल्यावर दोनच दिवसांनी, २१ सप्टेंबर १८८५ ला, न्यायमूर्ती पिन्ही यांनी दादाजीचा दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं काय होतं बघा. एक, ही दोघं कधी एकत्र राहिलीच नाहीत, तर 'पुनर्स्थापना' कशाची करायची? जे सुरूच झालं नाही ते रीस्टार्ट कसं होणार? :-) दोन, आणि हा मुद्दा जास्त महत्त्वाचा, असे दावे ही मुळात इंग्लंडमधली चीज आहे, तिथून ती इथे आणून लावली गेली, हिंदू कायद्यात तिला आधार नाही.

इथे मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

कारण पिन्हीसाहेबांचा इतिहास पक्का होता. 'दाम्पत्य हक्कांची पुनर्स्थापना' हा प्रकार इंग्लंडमधल्या चर्चच्या न्यायालयांचा. तिथे लग्न हा धार्मिक विधी, घटस्फोट जवळजवळ अशक्य, त्यामुळे घर सोडून गेलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला चर्चने परत पाठवायचं. ऐकलं नाही तर आधी धर्मबहिष्कार, आणि १८१३ च्या कायद्यानंतर सहा महिन्यांपर्यंत कैद. हा उपाय भारतातल्या कोर्टांना लागू आहे हे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८६७ मध्ये एका मुस्लिम दाम्पत्याच्या खटल्यात मान्य केलं. म्हणजे दादाजीने दावा लावला तेव्हा ही 'सनातन' गोष्ट भारतात धरून चालून सतरा वर्षांची होती. रखमाबाईंपेक्षाही लहान!

बायकोने नवऱ्याबरोबर राहावं असं आपले ग्रंथ सांगत नाहीत असं मी म्हणत नाहीये. सांगतात, आणि बरंच काही सांगतात. पण कोर्टाचा हुकूम आणि तुरुंगाचा धाक दाखवून तिला पाठवायचं, हे यंत्र इंग्रजी चर्चच्या कारखान्यातलं. आणि कळस म्हणजे, या दाव्यातला हुकूम मोडला म्हणून तुरुंगात टाकणं इंग्लंडने स्वतःच्या देशात कधी बंद केलं? १८८४ मध्ये. ज्या वर्षी दादाजीने दावा लावला त्याच वर्षी. तिथून काढून टाकलेलं व्हर्जन इथे मात्र चालूच राहिलं.

पिन्हींच्या निकालावर गदारोळ झाला. बहुतेक देशी वृत्तपत्रं खवळली. हिंदू धर्म धोक्यात आला, इंग्रजी शिक्षणाने बायका बिघडल्या, हा सूर लागला, आणि या बाजूचा सगळ्यात खणखणीत आवाज होता टिळकांचा. दुसऱ्या बाजूला आगरकर आणि बेहरामजी मलबारी. मलबारींनी १८८४ मध्येच बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढून सरकारपासून सगळ्यांना पाठवली होती. 'केसरी'मध्ये एकत्र काम करणारे टिळक आणि आगरकर अशाच सामाजिक प्रश्नांवरून दुरावत गेले. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी'चं संपादकपद सोडलं, पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. पुण्याच्या लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आजकालच्या ट्रोलिंगला आपण उगाच नवीन समजतो.

इकडे दादाजी अपिलात गेला. १८८६ मध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरवून खटला पुन्हा खाली पाठवला. ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : एका महिन्यात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग.

रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन.

बावीस वर्षांची मुलगी. १८८७ साल. मी बावीस वर्षांचा असताना मॅनेजरला 'शनिवारी येणार नाही' एवढं सांगायची माझी हिंमत नव्हती.

एक तारीख जाता जाता. या हुकमाच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या. आनंदीबाईंवर अमेरिकेला जाताना टीका झाली होती, पण डॉक्टर होऊन परत आल्यावर कौतुक झालं आणि गेल्यावर सगळे हळहळले. ते योग्यच होतं. पण मनात येतं, नवऱ्याच्या इच्छेने साता समुद्रापार गेलेली बाई अभिमानाची झाली आणि नवऱ्याकडे गिरगावातून पलीकडच्या गल्लीत जायला नकार देणारी धर्मबुडवी ठरली. म्हणजे भांडण शिक्षणाचं नव्हतं की परदेशाचंही नव्हतं. भांडण 'नाही' या शब्दाचं होतं.

रखमाबाईंनी पुन्हा अपील केलं. त्यांच्या मदतीसाठी मुंबईत समिती निघाली. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची पाठीशी उभ्या राहिल्या. दादाजीनेही आपली बाजू मांडणारी पुस्तिका छापली, रखमाबाईंनी तिला उत्तर दिलं. शेवटी जुलै १८८८ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. नेटवर बऱ्याच ठिकाणी 'व्हिक्टोरिया राणीने लग्न रद्द केलं' असं वाचायला मिळतं. गोष्ट छान आहे, पण तसं झालं नाही. लग्न कायद्याने तसंच राहिलं. दादाजीने दुसरं लग्न केलं, पुरुषाला ती मुभा होती. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरत आणि राजकोट मिळून तीन दशकांहून जास्त काळ बायकांच्या दवाखान्यांत काम केलं.

आता जरा पुढे येऊ, कारण खरी गंमत (गंमत कसली म्हणा) इथे आहे.

१८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगामुळे मेली. नवरा पस्तिशीचा. १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे बायको दहा वर्षांच्या वर असली की नवऱ्याला बलात्काराचा गुन्हा लागतच नव्हता. त्याला किरकोळ कलमाखाली एक वर्षाची सक्तमजुरी झाली. त्यानंतर जानेवारी १८९१ मध्ये सरकारने विधेयक आणलं. वयाची ही मर्यादा १० वरून १२ करायची, बस. आणि देश पेटला. कलकत्त्याच्या मैदानावर प्रचंड सभा झाल्या. पुण्यात रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्राचे दाखले देऊन सांगितलं की या कायद्याने धर्म बुडत नाही, टिळकांनी दाखल्यांना दाखल्यांनी उत्तर दिलं. दोन दिग्गज संस्कृत पंडित, विषय बारा वर्षांची मुलगी.

टिळकांवर अन्याय नको. ते बालविवाहाचे समर्थक होते असं म्हणणं खोटं ठरेल. १८९० मध्ये त्यांनी उलट सुधारकांनाच आव्हान दिलं होतं की मुलींची लग्नं सोळाच्या आत करणार नाही असं आधी स्वतः लिहून द्या. त्यांचा मुद्दा होता की सुधारणा समाजाने आतून करावी, परक्या सरकारच्या कायद्याने नको. आणि सुधारकांची दुखरी नस त्यांनी बरोबर धरली होती. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते न्यायमूर्ती रानडे पत्नी गेल्यावर, वडिलांच्या आग्रहाखातर, वयाच्या एकतिसाव्या वर्षी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करून बसले होते. सखाराम अर्जुनांचं तर वर सांगितलंच.

पण दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवा. १८८७ मध्ये परक्या सरकारच्या कोर्टाने, परक्या चर्चच्या नियमाने बाईला नवऱ्याकडे पाठवायचा हुकूम दिला, तेव्हा तो धर्माचा विजय होता. १८९१ मध्ये त्याच परक्या सरकारने मुलीचं वय दोन वर्षांनी वाढवलं, तेव्हा तो धर्मातला हस्तक्षेप होता. परकेपणाचा आक्षेप खरा असता तर तो दोन्हीकडे लागायला हवा होता. तो एकीकडेच लागला.

आणि साहेबाने मिशीला तूप लावायचं कारण नाही. हिंदू स्त्रीचा कळवळा म्हणून लंडनचे पेपर रकाने भरत होते, पण नवऱ्याने बायकोला घरात कोंडून ठेवू नये असा निकाल इंग्लंडमध्ये लागायला १८९१ साल उजाडलं, आणि लग्नातला बलात्कार तिथे गुन्हा ठरायला १९९१. रखमाबाईंचा खटला त्यांनाही सोयीचा होता : बघा, राज्य करायला आमची गरज का आहे. म्हणजे सनातन्यांना त्यांच्यात धर्माचा शत्रू दिसला, सुधारकांना पुरावा दिसला, साहेबाला राज्याचं समर्थन दिसलं.

बाकी, त्या कोणाच्याच साच्यात बसल्या नाहीत. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेसारखी पांढरी वस्त्रं नेसायला सुरुवात केली असं त्यांच्या चरित्रांत येतं. हे वाचून मला आधी धक्का बसला. ज्याच्यासाठी तुरुंगात जायला तयार झाली, म्हणजे ज्याच्याकडे न जाण्यासाठी, त्याच्यासाठी पांढरं नेसायचं? का केलं असेल? रुग्ण बायकांमध्ये वावरणं सोपं व्हावं म्हणून? की त्यांना स्वतःलाच तसं वाटलं? मग लक्षात आलं, माझा धक्का म्हणजे पण एक साचाच आहे. त्यांनी कधी म्हटलं नव्हतं की मी परंपरेविरुद्ध आहे. त्यांनी एवढंच म्हटलं होतं की मला न विचारता माझं लग्न लावलं, आता मला त्याच्याकडे पाठवू नका.

पुढची हिस्टरी भराभर सांगतो. या दाव्यात हुकूम मोडणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद भारतात १९२३ मध्ये गेली. मालमत्ता जप्तीची राहिली. मग स्वातंत्र्य आलं आणि १८ मे १९५५ ला हिंदू विवाह कायदा झाला. त्याने देशभरच्या हिंदू स्त्रियांना घटस्फोट दिला, एकपत्नीत्व आणलं. आणि इंग्रजी चर्चमधली ती जुनी ओळ कलम ९ म्हणून तशीच कॉपी-पेस्ट झाली. रखमाबाई तेव्हा जिवंत होत्या, नव्वद वर्षांच्या. २५ सप्टेंबर १९५५ ला त्या गेल्या. इंग्लंडने हा दावा १९७० च्या कायद्याने काढूनच टाकला. आपल्याकडे १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने कलम ९ घटनाबाह्य ठरवलं, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं.

आणि दंडसंहितेतली ती दुसरी ओळ, नवऱ्याला सूट देणारी? तिचा चेंजलॉग असा : १८६० मध्ये १० वर्षं, १८९१ मध्ये १२, १९२५ मध्ये १३, १९४९ मध्ये १५, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने १८. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती अठरा वर्षांवरच्या बायकोसाठी आहेच. आकडा बदलत गेला, ओळ राहिली. प्रत्येक बदलाच्या वेळी कोणीतरी म्हणालं की कुटुंबव्यवस्था कोसळेल. एकशे साठ वर्षं झाली, कुटुंबं आहेत की.

असो. तर गिट ब्लेमचा निकाल : काका चुकीचे, धाकटी बहीणही निम्मी चुकीची. त्या दोघांना हे सांगायचा मी प्रयत्न केला. काका म्हणाले, "म्हणजे आता इंग्रजांनाच दोष द्या." बहीण म्हणाली, "ओळ कोणीही लिहिली असो, वापरतो कोण?" तिचं अगदी बरोबर आहे, कबूल. मला वाटलं होतं इतिहास कळला की वाद मिटेल. मिटला नाही. आमच्याकडे बगचं मूळ सापडलं म्हणजे बग सुटला असं होत नाही, हे मला तरी माहीत असायला हवं होतं.

मग मी पंधरा दिवसांपूर्वीच करायला हवं होतं ते केलं. ताईला फोन लावला. रखमाबाईंची गोष्ट सांगायला सुरुवात केली, ती दोन मिनिटं ऐकून म्हणाली, "छान आहे रे. पण मला सांग, मला पोलीस धरून नेणार नाहीत ना तिकडे?"

म्हटलं, नाही ताई, ते १९२३ मध्येच संपलं. कोर्ट हुकूम देऊ शकतं, उचलून नेऊ शकत नाही. हुकूम झाला आणि वर्षभर एकत्र राहिला नाहीत तर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतं. शिवाय न जाण्याला सबळ कारण असेल तर ते कोर्टापुढे मांडता येतं. नीट वकील करू.

ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "ताई, तुला काय हवंय?"

"मला भांडायचं नाहीये कोणाशी. फक्त तिथे परत जायचं नाहीये."

एकशे चाळीस वर्षांपूर्वी मुंबईच्या उच्च न्यायालयात हेच उत्तर दिलं गेलं होतं, जवळजवळ याच शब्दांत.

येत्या मंगळवारी कौटुंबिक न्यायालयात पहिली तारीख आहे. मी सुट्टी टाकली आहे. कालच काकांचा फोन आला. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "किती वाजता आहे रे? मी पण येतो." धर्म, मनू, इंग्रज, कोणाचंच नाव काढलं नाही.